भिंगरी आणि उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे नातेवाईक ओळीने उभे आहेत आणि उजव्या कोपऱ्यात एक धुरकट पट्टा आहे. तो पट्टा म्हणजे माझा मेहुणा. फोटोवाला तीनदा ओरडला, "अहो, जरा हलू नका!" पण न हलणं ही याच्या कुवतीबाहेरची गोष्ट. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा. "अरे, घास तरी गिळ," असं ही म्हणायची. ही म्हणजे माझी बायको, त्याची थोरली बहीण. "गिळतोय ताई, जाता जाता गिळतो," म्हणेपर्यंत हा दाराबाहेर. पायाला भिंगरी लागलेला माणूस, म्हणून गाव त्याला भिंगरीच म्हणायचं. पुढे पगाराच्या कागदावरही तेच नाव आलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

नोकरीही त्याला साजेशी मिळाली. पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवायची. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, खाली चौकोनी तोंड, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खड्ड्यात सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि दांडा धरून गोल गोल फिरायचं. असे दिवसाला तीसेक व्हॉल्व्ह. कुठला किती आटे, म्हणजे किती फेरे उघडायचा, ते सगळं त्याच्या डोक्यात. नकाशा होता म्हणे एक, पण तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही.

मी पंपावर होतो. आमचं गाव उतारावर. खालच्या गावात नदी आणि माझं पंपघर, वरच्या गावात टेकडीवर टाकी. पंप पाणी थेट वर चढवायचा, मधे खालच्या गावाला फाटा नव्हता. मग टाकीतून एक लाइन वरच्या गावाला जायची आणि दुसरी परत उतरून आमच्याकडे यायची. पाणी खालच्यांचं, टाकी वरच्यांची. आम्ही पंप बंद केला तर ते कोरडे, त्यांनी व्हॉल्व्ह आवळला तर आम्ही कोरडे. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी रामकहाणी त्यावरच उभी आहे.

फोन होता, पण तो बहुतेक वेळ मेलेला. म्हणून आम्ही पाइपवर ठोके मारायचो. मी खाली पान्याने ठोकलं की पाऊण मैलावर टाकीपाशी त्याला ऐकू यायचं. भरल्या लोखंडी पाइपात आवाज फार छान जातो. दोन ठोके म्हणजे पंप लावला. तीन म्हणजे टाकी भरली, बंद करा दाजी. धडाधड ठोके म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि सकाळी एक ठोका त्याचा, एक माझा. त्याचा अर्थ नुसता 'आहे'.

खालच्या लाइनीवरचा मोठा व्हॉल्व्ह आम्ही दोघांनीच बसवला होता. जुना फुटला आणि नवा यायला सहा महिने लागणार होते, म्हणून एका बंद कारखान्यातून एक काढून आणला. बसवून झाल्यावर कळलं की याचे आटे उलटे. इतर सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा पठ्ठ्या उजवीकडे फिरवला की उघडायचा.

"साहेबांना सांगू या का रे?"

"दाजी, साहेब म्हणतील परत काढा."

दिवसभर खड्ड्यात उभे राहून आमच्या पाठीचा काटा ढिला झाला होता. नाही सांगितलं. भिंगरीने तो वीस आट्यांवर, बरोबर अर्धा उघडा ठेवला, म्हणजे दोन्ही गावांना सारखं पाणी. त्यानंतर त्याला कोणी हात लावायचं कारणच पडलं नाही.

आता उठावाचं सांगतो. फार मोठ्या गोष्टीवरून झाला नाही. गावाला दिवसाआड अर्धा तास पाणी, आणि सरकारने बसवलेल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यात भर दुपारी हिरवळीवर फवारा चालू. एक म्हातारी रिकामी घागर घेऊन फाटकापाशी गेली, तर शिपायाने घागर लाथेने उडवली. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात रिकामं भांडं, आणि नुसता ठणठणाट. वरचे होते, खालचे होते. आमची ही होती, प्रसूतिगृहातली नर्स, पांढऱ्या कपड्यांत, हातात बेसिन. मी पण होतो, पण मागे.

भिंगरी गर्दीत उभा होता, म्हणजे उभा कसला, नाचत होता. आत फवारा फिरतोय, बाहेर भांडी वाजताहेत, शिपाई बंदुका सावरताहेत. त्याला राहवेना. तो रस्त्याच्या कडेला गेला, झाकण उचललं, चावी सोडली आणि बंगल्याची लाइन आवळली. फवारा दोनदा उचकी लागल्यासारखा झाला आणि बसला.

काय आरडाओरडा झाला म्हणता! लोकांनी त्याला उचलला. डावा पाय मोटर मेकॅनिकच्या खांद्यावर, उजवा शाळेतल्या कवायत मास्तरांच्या. मेकॅनिक वरच्या गावचा, मास्तर खालच्या गावचे, आणि मधे हा चावी उंचावून. त्याची एक चप्पल त्या गर्दीत गेली ती गेलीच. म्हणायचा, "दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी धरून ठेवलं आणि मी हललो नाही."

चौथ्या दिवशी साहेब मागच्या दाराने पळाले. इतर गावांतही तसंच होऊ लागलं. मग राजधानीतून फौज आली आणि पुलावर गोळीबार झाला. अठरा माणसं गेली. फौजेला हुसकावायला पोरांनी हाती लागेल ते उचललं आणि खरोखरच हुसकावलं. सहा महिन्यांत गाव आमचं. कमिटी बसली. मेकॅनिक आणि मास्तर दोघंही कमिटीत, एकाच बाकावर.

भांडण झालं ते पंपघराची किल्ली कोणाकडे राहणार यावरून. हसू नका, खरंच. मास्तर म्हणाले, पंप खालच्या गावात आहे. मेकॅनिक म्हणाला, मोटर मी दुरुस्त करतो. शब्दाला शब्द वाढला, कोणीतरी कोणाची कॉलर धरली. आठवड्याने बाजाराच्या मधोमध वाळूच्या पोत्यांची भिंत उभी राहिली. भिंगरीची खोली टाकीपाशी, तो पलीकडे राहिला; आम्ही दोघं अलीकडे.

पण तरी ते घरातलं भांडण होतं हो. मास्तरांनी एकदा रागाने माझा पंप बंद करवला, तर वरच्यांचे माठ रिकामे झाले आणि व्हॉल्व्ह बंद करायची धमकी आली. तिसऱ्या दिवशी दोघं पंपघरात समोरासमोर. चहा मीच केला.

"तुझ्या मोटरीची माळ घालून घे गळ्यात," मास्तर म्हणाले.

"तुम्ही शिट्टी फुंका, मास्तर. पाणी सरळ रांगेत येईल," मेकॅनिक म्हणाला.

पण कप तोंडाला लावून म्हणाला. जवळपास जमलंच होतं. कुलपाला दोन किल्ल्या करायच्या, एवढंच उरलं होतं. पुढच्या सोमवारी पोती उचलायची ठरली.

त्या रविवारी मेकॅनिककडे डोंगरापलीकडून पाहुणे आले. सोबत ट्रकभर पेट्या. सोमवारी निरोप आला, "जरा थांबा, घाई काय आहे?" मास्तर चिडले, घाबरले, आणि दोन महिन्यांत त्यांच्याकडेही पाहुणे आले, समुद्रापलीकडचे. त्यांच्या पेट्या जरा मोठ्या होत्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा एकाचा जोर सरायचा आणि तो चहाला यायला तयार व्हायचा, तेव्हा तेव्हा त्याच्याकडे नेमका ट्रक यायचा. मी सात वेळा चहासाठी आधण ठेवलं. सातही वेळा ते आटून गेलं.

पोरांची गंमत बघा. उठावात प्रत्येकाच्या पायात वेगळं काहीतरी, कोणी अनवाणी. आता वरच्यांचे सगळे बूट तपकिरी, खालच्यांचे सगळे काळे. कोण कोणाचा ते बुटांवरून ओळखायचं. वरच्या पाहुण्याने आमची भाषाही थोडी शिकून घेतली होती. भिंगरी भेटला की म्हणायचा, "काय, बरं आहे ना? घरचे बरे आहेत ना?" घरचे कुठे आहेत, हे मात्र कधी विचारलं नाही. भिंगरीच्या घरचे म्हणजे त्याची ताई, आणि ती भिंतीच्या पलीकडे. सहा वर्षांत बहीणभावाने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. सकाळी पाइपवर एक ठोका वाजला की ही हातातलं काम थांबवायची. "आहे," म्हणायची, आणि मग कामावर जायची.

मग वरच्यांना पाहुण्यांनी बोअर मारून दिली, इंजिनासकट. पाणी थेट टाकीत. आता त्यांना माझ्या पंपाची गरजच उरली नाही. मला वाटतं, युद्ध खरं लांबलं ते त्या दिवशी. गरज होती तोवर शिव्या देऊन का होईना, माणसं समोरासमोर यायची.

दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक भिंगरीच्या दारात. आता तो कमांडर झाला होता, पण बोटांचं काळं ग्रीस गेलं नव्हतं.

"चल. खालची लाइन बंद करायची."

"खाली प्रसूतिगृह आहे, दादा."

"बंगल्याची केलीस तेव्हा नव्हता विचार केलास. तूच तर दाखवलंस आम्हाला, पाणी आवळलं की माणूस कसा पळतो ते. मी खांद्यावर घेतला होता तुला, विसरलास?"

भिंगरीने चावी खांद्यावर घेतली. हे तो मला नंतर सांगायचा तेव्हा इथे दरवेळी थांबायचा. तो दुपारचा फवारा त्याला आयुष्यभर टोचत राहिला. "दाजी, मी गंमत केली आणि त्यांनी धडा घेतला."

टाकीखालच्या खड्ड्यापाशी मेकॅनिक, चार तपकिरी बूटवाले आणि तो पाहुणा. भिंगरीने चावी सोडली. डावीकडे फिरवली असती तर व्हॉल्व्ह बंद. त्याने दांडा धरला आणि उजवीकडे फिरायला लागला. एक, दोन, तीन. घाम पुसत, कण्हत, अगदी जिवावर आल्यासारखं. अर्धा होता, पूर्ण उघडत चालला. खाली पाइप घुमायला लागला.

"आवाज का येतोय?" पाहुण्याने विचारलं.

"आवळला जातोय ना साहेब, म्हणून ओरडतोय."

मेकॅनिकने मान डोलावली. मोटरींच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, उजवीकडे म्हणजे घट्ट हे त्याच्या हाडात बसलेलं. विसाव्या आट्याला व्हॉल्व्ह थांबला. मेकॅनिकने स्वतः दांडा हलवून पाहिला. घट्ट.

त्या दिवशी आमच्या नळांना जन्मात आलं नव्हतं एवढं पाणी आलं. हिने प्रसूतिगृहातली सगळी पिंपं भरली, बाथटब भरला, शेवटी फुलदाण्या भरल्या. मी पाइपवर एक ठोका मारला. वरून एक आला, मग थांबून आणखी एक, अगदी हलका. तो आमच्या यादीत नव्हता. तो हसत असावा.

वर टाकी भराभर उतरायला लागली. मेकॅनिक विचारायचा तेव्हा भिंगरी म्हणायचा, "जुनी टाकी आहे, पाझरते." पाहुण्यांनी बोअरला आणखी मोठं इंजिन आणून दिलं. म्हणजे आम्ही खाली डोंगरापलीकडच्या लोकांच्या डिझेलवर आंघोळी करत होतो!

मला हसू यायचं, पण फार दिवस आलं नाही. कारण मास्तरांनाही पाणी दिसत होतंच. त्यांनी मला बोलावून घेतलं. "पाणी येतंय हे बाहेर बोलायचं नाही. पहाटे भरा, दिवसा नळ कोरडे दिसले पाहिजेत." मग समुद्रापलीकडचे पाहुणे कॅमेरे घेऊन आले. बायकांना रिकाम्या घागरी देऊन रांगेत उभं केलं. त्याच घागरी, ज्या फाटकासमोर वाजल्या होत्या. फोटो निघाले, तहानलेलं गाव म्हणून जगभर गेले, आणि महिन्याभरात मास्तरांना पूर्वीच्या दुप्पट पेट्या आल्या. ही घरी आली आणि बेसिन आपटून म्हणाली, "माझ्या भावाने जीव धोक्यात घालून पाणी पाठवलं आणि यांनी त्याच्या गोळ्या केल्या."

हे पाइपवर ठोकून कसं सांगणार? नाही सांगितलं. त्याला ते पाच वर्षं कळलं नाही.

पाच वर्षांनी करार झाला. लांबच्या कुठल्या तरी शहरात, हॉटेलात, दोन्हीकडच्या पाहुण्यांनी केला. मेकॅनिक आणि मास्तर मागच्या खुर्च्यांवर होते म्हणतात, टाळ्या वाजवायला. पहिली अट अशी, की खालच्या गावचं पाणी समारंभाने सोडायचं. भिंगरी तेव्हा तापाने पडला होता, चार दिवस अंथरुणात. तेवढाच काय तो स्थिर. कोणाला त्याची आठवण झाली नाही. चावी कचेरीत होतीच.

मेकॅनिकने नवे कपडे घातले. कॅमेरे लागले. त्याने दांडा धरला आणि हसत हसत डावीकडे फिरवायला सुरुवात केली. चाळीस आटे. सगळे मोजून.

इकडे मी आणि ही प्रसूतिगृहात. आत एक बाई अडलेली, डॉक्टर हात धूत होते, आणि नळाची धार बारीक झाली, करंगळीएवढी, दोऱ्याएवढी, आणि गेली. पाच वर्षांत पहिल्यांदा. बाहेर लोक नळांकडे बघताहेत. काळे बूट पळायला लागले. मास्तर चौकात ओरडत होते, "कराराच्या दिवशी पाणी तोडलं! आजच!" आता ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. पोत्यांमागे बंदुका चढल्या.

मी पंपघरात धावलो आणि पान्याने पाइप बडवला. धडाधड, धडाधड. हात सुजेपर्यंत.

भिंगरीच्या खोलीखालून तो पाइप जायचा. ताप होता, पण ठोके त्याने ऐकले. उठला, अंगावर चादर, तसाच अनवाणी टाकीकडे. तिथे मेकॅनिक ओरडत होता, "मी सोडलं पाणी! सगळ्यांनी बघितलं! खालचेच बनाव करताहेत!" त्याच्या माणसांनीही बंदुका उचललेल्या.

भिंगरी गप्प बसला असता तर वाचला असता. पुढे हिने त्याला हे बोलूनही दाखवलं.

"दादा, तुम्ही सोडलं नाही. तुम्ही बंद केलंत," तो म्हणाला. "आटे उलटे आहेत."

"काय बरळतोस?"

"पाच वर्षांपूर्वी मी बंद केलं तेव्हा उघडलं होतं. आज तुम्ही उघडलंत तेव्हा बंद झालं."

मेकॅनिकने आपल्या हाताकडे बघितलं. आधी उजवीकडे मनगट वळवलं, मग डावीकडे.

"म्हणजे टाकी पाझरत नव्हती."

"नाही."

"माझी बोअर... माझं इंजिन..."

"ताईला पाणी लागायचं, दादा. बाळंतपणं असतात."

मेकॅनिकने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की भिंगरी खड्ड्याच्या कडेला जाऊन बसला. एका तपकिरी बूटवाल्याने बंदूक त्याच्या डोक्याला लावली. पाहुणा पुढे आला आणि त्याच्या गोड आवाजात म्हणाला, "हे कॅमेऱ्यासमोर नको. पाणी उद्या बघू. हा माणूस आमच्याकडे द्या."

आणि मेकॅनिकचं माथं फिरलं, पण पाहुण्यावर. का, ते त्यालाच ठाऊक. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो जुन्या गॅरेजमधल्या आवाजात बोलला म्हणे. "थांब रे तू. आमचा व्हॉल्व्ह आहे." मग भिंगरीकडे वळून, "ऊठ, हरामखोरा. फिरव."

"अंगात त्राण नाही, दादा."

मेकॅनिकने दांड्याचं एक टोक धरलं, भिंगरीने दुसरं. दोघं उजवीकडे फिरायला लागले. बंदूकवाला कोणाच्या डोक्यावर धरावी म्हणून मधे गरगरत होता. विसाव्या आट्याला भिंगरी थांबला.

"अजून वीस आहेत ना?" मेकॅनिक धापा टाकत म्हणाला.

"नको. अर्धाच. दोघांना सारखं."

खाली नळ खोकला, थुंकला, गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. डॉक्टरांनी परत हात धुतले. मुलगी झाली. मी चौकात जाऊन मास्तरांना सांगितलं, पाणी आलं. ते म्हणाले, "बोलू नकोस." मी म्हटलं, "मास्तर, या वेळी मी बोलणार," आणि सगळ्यांसमोर पाच वर्षांचं सांगून टाकलं, घागरींच्या फोटोंसकट. बायका मास्तरांकडे बघत राहिल्या. एकीने हातातली घागर नळाखाली लावली, भर दिवसा, त्यांच्यासमोर. मग दुसरीने.

त्या दिवशी गोळी सुटली नाही. पुढे सुटल्या, नाही असं नाही. करार दोनदा मोडला, दोनदा चिकटवला, आणि पाहुणे अजूनही कुठे कुठे आहेतच, बूट तेवढे बदललेत. पण पाणी कोणी पुन्हा आवळलं नाही. भिंगरीची चावी मेकॅनिकने काढून घेतली, विश्वासघातकी म्हणून. मास्तरांनी त्याला खालच्या गावात यायची बंदी घातली, माझ्यासारख्या तोंडफाट्याचा मेहुणा म्हणून. दोन्हीकडून ओवाळून टाकलेला. बंदी दीड वर्षाने उठली. मास्तर गेले तेव्हा.

तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. परवा ही त्याला म्हणाली, "पाच वर्षं पाणी पाठवलंस त्याच्या त्यांनी गोळ्या केल्या, ते तुला आधी कळलं असतं तर?" तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "तरी बाळंतपणं होतीच ना, ताई," दारातूनच म्हणाला. ताट वाढलेलं होतं. अर्ध्या जेवणातून उठून तो पंपघरात गेला असणार, कारण थोड्या वेळाने आमच्या मोरीतल्या नळावर एक ठोका वाजला.

मी हातातला चमचा नळावर वाजवला. "आहे रे बाबा," ही ओरडली, "आधी जेवण संपव!"